वृंदा मॅडमचा उजवा कौल

वृंदा मॅडम जपानमध्ये काय करतात असं कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर असं होतं की त्या भातावर उमेबोशी ठेवतात. उमेबोशी म्हणजे खारवलेलं, सुरकुतलेलं, आंबटढाण लाल फळ. आम्ही राहतो त्या ग्योतोकुपासून, म्हणजे टोकियोच्या शेजारच्या वस्तीपासून, सायकलने वीस मिनिटांवर एक कारखाना आहे. इथल्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत, जे जेवणाचे डबे मिळतात ते तिथे भरले जातात. सरकत्या पट्ट्यावरून डबा येतो, दोन बोटांनी फळ उचलायचं, भाताच्या बरोबर मध्यावर ठेवायचं, दाबायचं नाही. तीन सेकंदांना एक. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, उघडे फक्त डोळे. आमच्या मराठी मंडळातल्या बायका ह्याला ‘बाइतो’, म्हणजे तासावारी काम, म्हणतात. ‘काय करतेस?’ ‘बाइतो.’ एवढ्यावर बोलणं संपतं, कारण पुढचं सांगण्यासारखं कुणाकडेच फारसं नसतं.

मॅडमकडे होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. त्याआधीची पंधरा वर्षं त्या आमच्या तालुक्याच्या गावच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवत होत्या. मी सायन्सचा. तरी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचो, कारण आर्ट्सच्या वर्गात पंखा चालू असायचा आणि मुली असायच्या. कशासाठी आधी जायचो ते तुम्हीच ठरवा. पण बसता बसता ऐकायची सवय लागली. खडूचा तुकडा बोटांत फिरवत मॅडम ग्रीकांच्या देवस्थानांबद्दल अशा बोलायच्या, जणू परवाच्या एस.टी.ने जाऊन आल्यात. वास्तविक त्यांनी ग्रीस कधी पाहिलं नव्हतं. पासपोर्ट काढला तो थेट नवऱ्यामागे जपानला यायला.

नवरा म्हणजे सुशीलदादा. टोकियोत तोयोसुच्या एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर प्रोजेक्ट लीड. ऑफिसात त्यांना मी सुशील-सान म्हणतो, बाहेर दादा. त्याच प्रोजेक्टमध्ये मी आहे, आणि माझा बायोडेटा त्यांच्या हातात मॅडमनीच ठेवला होता. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. दोघांना मूल नाही. त्यावर मंडळात वेगवेगळी मतं होती, एकही मत कुणी मागितलेलं नव्हतं.

मॅडम आल्या त्या बिनपगारी रजेवर. आधी दोन वर्षं, मग वाढवून तिसरं. ती रजा ह्या जूनमध्ये संपत होती. पंधरा जूनला कॉलेज उघडतं. त्या दिवशी रुजू झालं तर नोकरी आपली, नाही तर जागा रिकामी. जागा रिकामी व्हायची वाट बघणारेही होते. प्राचार्यांना एक भाचा होता आणि भाच्याकडे इतिहासाची पदवी होती. मॅडमना परत जायचं होतं, हे त्यांनी लपवलं नव्हतं. दादांना बायको इथे हवी होती, हे त्यांनीही लपवलं नव्हतं. बायको गावाला मास्तरीण आणि नवरा तोयोसुला उकळतं पाणी ओतून नूडल्स खातोय, लोक काय म्हणतील, असं ते चारचौघांत हसत हसत म्हणायचे. चारचौघेही हसायचे.

एप्रिलमध्ये मंडळाने मॅडमना भाषण द्यायला लावलं. ठरलेला कलाकार आजारी पडला होता, आणि तेजश्री, म्हणजे आमच्या मंडळाची सेक्रेटरी, तिला हॉलचं बुकिंग वाया घालवायचं नव्हतं. विषय ‘ग्रीकांची देवस्थानं आणि देववाणी’. लोक मिसळीसाठी आले होते. सुरुवातीला मागे चमच्यांचे आवाज येत होते, दहा मिनिटांनी ते थांबले.

मॅडमनी राजे-महाराजे बाजूला ठेवले आणि साध्या माणसांपासून सुरुवात केली. दोदोना नावाच्या ठिकाणी लोक शिशाच्या पातळ पट्टीवर देवाला प्रश्न खरडून द्यायचे. एकाने विचारलंय, बायकोच्या पोटात आहे ते मूल माझंच का. एकाने विचारलंय, माझ्या गोधड्या आणि उशा हरवल्या की कुणी चोरल्या. एकाला मेंढ्या पाळाव्यात का हे हवंय. ‘आपल्या ग्रूपवर जे विचारता तेच,’ मॅडम म्हणाल्या आणि हॉल हसला. मग डेल्फी. तिथली बाई महिन्यातून एकदाच देवाच्या वतीने बोलायची, थंडीत तेही नाही. आधी एका बोकडावर गार पाणी टाकायचे. तो थरथरला तर देव बोलायला तयार, नाही थरथरला तर रांगेतल्या सगळ्यांनी परत जायचं. त्यांनी हेही सांगितलं की देवळाच्या आवारात शिरलेल्या माणसाला ओढून बाहेर काढायला बंदी होती. एका सेनापतीच्या मागे त्याचेच लोक लागले तेव्हा तो पळत देवळात शिरला. लोकांनी त्याला हात लावला नाही. दारं विटांनी चिणून टाकली आणि तो उपाशी मरेपर्यंत बाहेर थांबले. अगदी शेवटच्या घटकेला बाहेर काढला, देवळात मरून विटाळ नको म्हणून. ‘नियम एकही मोडला नाही,’ मॅडम म्हणाल्या. हॉलमध्ये कुणीतरी बापरे म्हटलं. दादा पहिल्या रांगेत होते, त्यांनी मान डोलावली.

खरी गंमत पुढची. अथेन्सच्या लोकांना एकदा देवाच्या जमिनीबद्दल निर्णय हवा होता, पण पुजाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. मग त्यांनी कथिलाच्या दोन पत्र्यांवर दोन उत्तरं लिहिली, लोकरीत गुंडाळली, घागरीत घालून हलवली आणि एक सोन्याच्या, एक चांदीच्या भांड्यात ठेवून मोहरबंद केली. कुठल्या भांड्यात काय आहे हे आता कुणालाच माहीत नव्हतं. डेल्फीला जाऊन एवढंच विचारलं, सोन्याचं ऐकू की चांदीचं? ‘विचारणाऱ्याला लबाडी करता येत नाही, सांगणाऱ्यालाही नाही,’ मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या. त्यानंतर मिसळ.

घरी जाताना दादांनी सगळ्यांसमोर विषय काढला. त्यांचं गाव तळकोकणात, आणि त्यांच्या घराण्यात ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय गोठ्याचं छप्परसुद्धा बदलत नाहीत. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादा म्हणाले, वृंदाच्या जाण्याचंही देवालाच विचारू. तिकडचे नंदू गुरव आता व्हिडिओ कॉलवर कौल लावतात, मुंबईकर चाकरमान्यांसाठी सुरू केलं होतं, जपानलाही चालेल.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी अट घातली. नंदू गुरव सासऱ्यांच्या शब्दाबाहेर नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. प्रश्न कसा टाकायचा तेही सासरेच सांगणार. तेव्हा अथेन्सच्या पद्धतीने. चहाचे दोन डबे, एक लाल, एक काळा. एकात ‘जावे’, एकात ‘राहावे’. चिठ्ठ्या घालणाऱ्याने डोळे बांधून घालायच्या. गुरवाला एवढंच विचारायचं, लाल असेल तर उजवी, काळा असेल तर डावी. आणि जे निघेल त्यावर पुन्हा चर्चा नाही.

दादांनी हसत हात पुढे केला आणि म्हणाले, ‘मान्य. देवाच्या पुढे मी कोण?’

इतक्या झटकन मान्य झालेलं बघून मॅडमही जरा चकित झाल्या. नंतर मला म्हणाल्या की माणसाला उगाच वाईट समजत होते मी.

गोल्डन वीकच्या, म्हणजे मेच्या सुरुवातीच्या सुट्टीत, दुपारी, दादांच्या घरी सगळे जमले. डोळे बांधून चिठ्ठ्या घालायचं काम माझ्याकडे आलं. तटस्थ म्हणून. मॅडमनी दोन सारख्या कागदांवर स्वतः लिहिलं, सारख्या घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिल्या. कागद हातात आल्यावर मला फेब्रुवारी आठवला.

फेब्रुवारीत दादा माझ्या टेबलाशी आले होते. मॅडमचा कॉलेजला एक अर्ज ईमेलने पाठवायचाय, तुझं मराठी टायपिंग चांगलं आहे, म्हणाले. राजीनाम्याचा अर्ज होता. मी विचारलं, मॅडम सोडतायत? ते म्हणाले, हो, ठरलं शेवटी, पण तिला फार वाईट वाटतंय, तू विषय काढू नको. मी नाही काढला. वर दोन चांगली वाक्यं माझ्या मनाने घातली. ‘कौटुंबिक सौख्यास प्राधान्य देण्याचा निर्णय मी स्वेच्छेने व आनंदाने घेत आहे.’ दादा खूश झाले. त्यांनी कॉफी पाजली.

आणि आता मे महिन्यात मॅडम ‘जावे’ लिहून माझ्या हातात देत होत्या. म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. जायला जागाच उरली नव्हती. मी दादांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, शांतपणे, ऑफिसात रिव्ह्यूच्या वेळी बघतात तसे. मग म्हणाले, ‘धीरज, डोळे बांध की. खोळंबलेत सगळे.’

मी बांधले. चिठ्ठ्या घातल्या, झाकणं लावली, चिकटपट्टी गुंडाळली.

तिकडे सकाळचे दहा वाजले होते. टीव्हीवर देऊळ आलं, पाषाण आला, नंदू गुरवांचं डोकं आलं. मागे सासरे खुर्चीवर. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा! तुझा ह्या लेकरू जपानाक असा, त्येच्या अस्तुरीन तुझ्यापुढे परश्न टाकलेलो असा. तांबडो डबो की काळो डबो, काय असात ता उजव्या-डाव्यान सांग रे म्हाराजा!’ आणि ग्योतोकुच्या सहाव्या मजल्यावर सोफ्यावर बसलेली अकरा माणसं एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणाली. खालच्या मजल्यावरच्या आजी नंतर बेल वाजवून विचारून गेल्या की सगळं ठीक आहे ना.

पाच मिनिटं काही हललं नाही. मॅडम टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या होत्या की तेजश्रीने त्यांना मागे ओढलं. मग उजवी पाकळी सुटली. लाल. चिकटपट्टी मॅडमनीच सोडवली. चिठ्ठी उघडली आणि सगळ्यांना दाखवली. जावे.

मी त्यांना तसं हसताना कॉलेजातसुद्धा पाहिलं नव्हतं. दादांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी आधीच आणून ठेवला होता. कुणी म्हणालं, दादा, मोठं मन आहे तुमचं. दादांनी खाली मान घातली. त्यांचं मन मोठं नव्हतं, तयारी पक्की होती. दोन्ही डब्यांत काहीही निघालं असतं तरी त्यांच्यापुरतं ‘राहावे’च निघणार होतं.

पुढचा महिनाभर मी मॅडमना टाळलं. पण ग्योतोकु केवढंसं, माणूस टाळायला जागा नाही. त्या स्टेशनवर भेटायच्या, सुपरमार्केटात भेटायच्या आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवं सांगायच्या. कारखान्यातून नाव काढलं. लाइनच्या प्रमुख बाईंनी निरोपाला रुमाल दिला. स्टाफरूमसाठी चौदा पंखे घेतले, घडीचे. जुन्या नोट्स पुन्हा काढल्या, त्यात दोदोनाचं प्रकरण वाढवणार आहे. मी म्हणायचो, वा मॅडम. वा मॅडम म्हणणं सोपं असतं, त्याला फार श्वास लागत नाही. अजून दिवस आहेत, दादा स्वतःच सांगतील, असं मी धरून चाललो होतो. दादाही बहुधा धरून चालले होते की कॉलेज सांगेल.

जूनच्या पहिल्या शनिवारी दादांनीच मला बॅगा वजन करायला बोलावलं. दुपारची वेळ. एक बॅग कपड्यांची, एक पुस्तकांची. मी काटा धरून उभा होतो, दादा बॅग उचलत होते, आणि मॅडमनी कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला, पंधराला रुजू होते म्हणून कळवायला. हात रिकामे हवेत म्हणून फोन स्पीकरवर, शिलाईच्या डब्यावर टेकवलेला. पलीकडे विजयकुमार, तिथले जुने क्लार्क. त्यांचा आवाज अगदी आनंदाचा. म्हणाले, मॅडम, किती दिवसांनी, तुमचा सत्कार राहिलाय, गावाला याल तेव्हा करू. मॅडम म्हणाल्या, सत्कार कसला, मी रुजू होतेय. पलीकडे जरा वेळ टायपिंगचा आवाज. मग विजयकुमार म्हणाले, ‘मॅडम, तुमचा राजीनामा मार्चमध्येच मंजूर झाला. नवीन सर आलेसुद्धा. तुम्हाला पत्र नाही का पोचलं?’

बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला. मॅडमनी फोन बंद केला आणि दादांना विचारलं. दादांनी नाकारलं नाही. तो माणूस खोटं बोलतच नाही, त्याला तशी वेळच येऊ देत नाही.

‘कौल कशाला लावू दिलास मग?’ मॅडम म्हणाल्या.

‘तुला हवा होता. देवाने जा म्हटलं, मी अडवलं का? नारिता विमानतळावर सोडायला रजासुद्धा टाकलीय.’

‘आणि तिथे गेल्यावर?’

‘तिथे गेल्यावर कळलं असतं आणि परत आली असतीस. कुठे जाणार आहेस?’ त्यांनी काट्यावरचा आकडा पाहिला, मग मला पाहिलं. ‘आणि मी एकट्याने थोडंच केलंय. तुझ्या लाडक्या विद्यार्थ्याने लिहिलाय अर्ज. छान लिहिलाय. मला वाचताना भरून आलं.’

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी काटा बंद केला.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर मॅडम ग्योतोकु स्टेशनच्या पुलाखाली उभ्या. पांढऱ्या शर्टांची रांग दोन्ही बाजूंनी वाहत होती. त्यांनी प्राचार्यांशी बोलून घेतलं होतं. प्राचार्य म्हणाले होते, हे नवराबायकोचं आहे, आम्ही कशाला पडू. पण अर्ज तुमचा नव्हता असं म्हणता, तर ज्याने लिहिला त्याचं लेखी आणा, पंधराच्या आत. आलं तर कॉलेजच्या संचालक मंडळापुढे ठेवावं लागेल. मंजुरीच रद्द होऊ शकते. मॅडमनी तसं लेखी तयार करून आणलं होतं. स्वतःच्या अक्षरात, एक पान. त्यात दादांना नावं ठेवलेली नव्हती, मलाही नव्हती. मी अमुक तारखेला, अमुक व्यक्तीच्या सांगण्यावरून, अर्जदाराला न विचारता हा मजकूर टाइप केला, बस. खाली सहीसाठी जागा.

मी वाचलं. शब्द न् शब्द खरा होता.

सांगण्यासारखं माझ्याकडेही होतं. माझं कंत्राट जूनअखेर संपत होतं. वाढवायचं की नाही ह्याचा शेरा वीस तारखेला पडणार होता, आणि शेरा लिहिणार होते सुशील-सान. कंत्राट गेलं की व्हिसा, व्हिसा गेला की सगळंच. मी हे सगळं सांगितलं, बरंच लांबवून. मधे गावाकडे आई आणली, बहिणीचं लग्न आणलं. मॅडम ऐकत होत्या. पेपर तपासताना असंच बघायच्या, चेहरा न हलवता. शेवटी मी म्हटलं, ‘मॅडम, वीस तारीख जाऊ दे. एकवीसला सही करतो. नक्की.’

‘कॉलेज पंधराला उघडतं,’ त्या म्हणाल्या.

‘हो, पण...’

वरून गाडी गेली तेवढा वेळ मला मिळाला, पण गाडी गेली. मॅडमनी माझ्या हातातून कागद घेतला, त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मलाही निदान उलट रागावता आलं असतं. त्या आवाज न चढवता, उत्तर न येणाऱ्या पोराला वर्गात म्हणतात तसं म्हणाल्या, ‘बस खाली.’

आणि सायकल घेऊन गेल्या. मी उभाच होतो. माझ्याभोवती सगळा जपान घरी चालला होता.

पंधरा जून आला. मॅडम त्या दिवशी कारखान्यात होत्या. एकदा नाव काढलं की पुन्हा पहिल्यापासून, असा तिथला नियम. छातीवर ‘शिकाऊ’ अशी पट्टी लावायची, तीन महिने, आणि लाइनच्या टोकाला उभं राहायचं. रुमाल देणाऱ्या त्याच बाईंनी त्यांना फळ कसं धरायचं ते पुन्हा दाखवलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत दादा म्हणाले, आमच्या मॅडम पुन्हा विद्यार्थिनी झाल्या बरं का. सगळे हसले. मॅडमही हसल्या, आणि तेजश्रीने विचारलं की गणपतीत कौलाचा खेळ ठेवायचा का, लोकांना फार आवडला होता.

वीस तारखेचा शेरा उत्तम पडला. ‘विश्वासू’ असा शब्द होता त्यात, जपानीत. कंत्राट दोन वर्षांसाठी वाढलं. महिनाअखेरीस दादांनी टीमला घरी जेवायला बोलावलं. कोथिंबीरवडी, मसालेभात, टोमॅटोचं सार. मॅडम वाढत होत्या. माझ्या ताटात त्यांनी न विचारता दोनदा वडी वाढली.

वडी चांगली खमंग झाली होती. मी तिसऱ्यांदा मागून घेतली.